मार्चमधला बर्फ

फेब्रुवारी संपत आला की आमच्या नेपरव्हिलमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. घरोघरी जेवणाच्या टेबलावर टॅक्सची कागदपत्रे पसरतात आणि सबडिव्हिजनमागच्या तळ्यांवरचा पांढरा बर्फ करडा दिसू लागतो. पहिल्या विषयावर आपल्या मंडळात जाणकारांची कमतरता नाही. दुसऱ्याबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मूळचा रेवदंड्याचा. बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीतला, नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्याखालचा, एवढीच माझी ओळख. २००३ साली एम.एस. करायला मिनेसोटात आलो, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तळ्याच्या मधोमध उभा असलेला पिकअप ट्रक पाहिला. शेजारी एक लाकडी खोपटे, त्याच्या धुराड्यातून धूर, आणि आत दोन माणसे भोकात गळ सोडून निवांत बसलेली! पुढे नोकरीनिमित्त इथे आलो. शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ होते. माझ्या मुलाने त्यांना परस्पर 'ग्रँडपा' करून टाकले आणि त्यांनी त्याला बर्फातली मासेमारी शिकवायला घेतली. मी ड्रायव्हर म्हणून जाऊ लागलो आणि मलाही नाद लागला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वॉरेनव्हिलच्या ब्लॅकवेल फॉरेस्ट प्रिझर्व्हमधल्या सिल्व्हर लेकवर आम्ही एका शनिवारी नऊ इंच बर्फाला गिरमिटाने भोके पाडून चांगले डझनभर ब्लूगिल मासे काढले होते. पुढच्या आठवड्यात हवा पालटली. दोन दिवस तर रात्रीही तापमान गोठणबिंदूच्या खाली गेले नाही. शुक्रवारी रात्री पुन्हा कडाक्याची थंडी पडली आणि शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही सामान घेऊन काठावर हजर. समोर सहा-सात जण आधीच आत जाऊन बसले होते. ग्रँडपांनी नेहमीप्रमाणे हातातली पहार पुढे टाकत चालायला सुरुवात केली. काठाजवळ 'ठण्' असा आवाज आला. दहा पावलांवर तो आवाज बसका झाला. आणखी चार पावलांवर एकाच घावात पहार खाली गेली आणि भोकातून पाणी वर आले. ते काही न बोलता वळले, आमच्याकडे हात करून 'मागे फिरा' अशी खूण केली आणि गाडीकडे चालू लागले.

मुलगा रुसला. खरे सांगायचे तर मीही वैतागलो होतो. मी म्हटले, "गेल्या शनिवारी नऊ इंच होता. वितळून वितळून सात झाला असेल. चार इंचांवर माणूस चालतो असे सगळे तक्ते सांगतात." ते म्हणाले, "जाडी आहे. ताकद गेली." मी समोरच्या माणसांकडे बोट दाखवले. त्यावर त्यांनी फक्त थर्मासमधली कॉफी माझ्या कपात ओतली.

त्या दिवशी तिथे कोणीही बुडाले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत शेवटी कोणीतरी बुडते आणि शहाणा माणूस खरा ठरतो अशी आपली अपेक्षा असते. ती माणसे दुपारपर्यंत बसली असतील आणि मासे घेऊन घरी गेली असतील. म्हणूनच माझ्या डोक्यातून हा प्रश्न जाईना. मग बरोबर कोण होते? आय.टी.वाल्याची खोड, संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि त्या वाचनातून बर्फाच्या परीक्षेचा एक इतिहासच हाती लागला. त्यात मुंबईही निघाली, हे विशेष.

एके काळी या देशात बर्फ हे पीक होते. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजांतून उष्ण देशांत विकायचा धंदा काढला आणि लोकांनी त्याला वेड्यात काढले. मे १८३३ मध्ये त्याचे 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांच्या प्रवासानंतर, दोनदा विषुववृत्त ओलांडून, त्यातला जवळजवळ १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी त्या काळची एक गोष्ट अजून सांगतात. पुढे १८४०च्या दशकात फोर्टमध्ये सेंट अँड्र्यूज चर्चजवळ घुमटाचे आइस हाउस उभे राहिले. म्हणजे आपल्या खापरपणजोबांच्या काळात मुंबईच्या साहेबाच्या पेल्यात जो बर्फ किणकिणत होता, तो मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यावर कोणीतरी जीव सांभाळत उभे राहून कापला होता. थोरोच्या 'वॉल्डन'मध्येही या बर्फकापणीचे वर्णन आणि मुंबईचा उल्लेख आहे.

हे कामगार बर्फ कसा पारखत, ते मला फार रंजक वाटले. तळ्यावर घोडे आणि नथॅनियल वायथने १८२०च्या दशकात तयार केलेला बर्फाचा नांगर न्यायचा, म्हणजे आधी ठिकठिकाणी गिरमिटाने भोके पाडून जाडी मोजायची. एका भोकावर कोणी विसंबत नसे. पडलेला हिमाचा थर सतत बाजूला सारायचा, कारण हिम म्हणजे गोधडी. तिच्याखाली बर्फ जाड होत नाही. आणि हिम भिजून, गोठून तयार झालेला वरचा पांढरा थर तासून फेकून द्यायचा. त्यांच्या लेखी तो माल नव्हताच. आज सुरक्षिततेचे नियम सांगतात की पांढऱ्या बर्फाची जाडी निम्मीच धरा. त्या मंडळींनी हे दीडशे वर्षांपूर्वी धंद्याच्या हिशेबाने ओळखले होते.

एवढे करूनही घोडे पाण्यात पडत. म्हणून प्रत्येक घोड्याच्या गळ्यात आधीच एक फासाचा दोर बांधलेला असे. घोडा पडला की तो दोर आवळायचा. श्वास कोंडला की जनावर धडपड थांबवते, छातीतल्या हवेने तरंगते आणि मग त्याला ओढून वर काढता येते. वाचताना अंगावर काटा येतो. पण जरा विचार करा: रोज बर्फावर काम करणारी ही माणसे, घोडा पडणार हे गृहीत धरूनच सकाळी कामाला निघत.

अर्थात त्यांच्याही कितीतरी आधीपासून या सरोवरांच्या प्रदेशातले ओजिब्वे आणि इतर मूळ रहिवासी बर्फाला भोक पाडून, अंधाऱ्या आडोशात बसून, लाकडी माशाचे आमिष हलवत भाल्याने मासे मारत होते. त्या विद्येचा वारसा आजही शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये दिसतो. लेक विनेबेगोवर फेब्रुवारीत स्टर्जन माशाचा भाल्याने शिकारीचा हंगाम असतो. तिथले मच्छीमार क्लब बर्फावर रस्ते आखतात, नाताळ झाल्यावर टाकून दिलेली झाडे रोवून वाटा दाखवतात आणि भेगांवर पूल टाकतात. ही सामुदायिक नजर. आपल्या तळ्यांवर ती नसते. तिथे ज्याची पहार त्याची जबाबदारी.

आता तक्त्यांकडे येतो, कारण माझा सगळा भरवसा त्यांच्यावर होता. बर्फाचे शास्त्र खऱ्या अर्थाने गरजेतून वाढले. लेनिनग्राडच्या वेढ्यात २२ नोव्हेंबर १९४१ पासून लाडोगा सरोवराच्या बर्फावरून ट्रक चालू लागले आणि २४ एप्रिल १९४२ पर्यंत हा रस्ता वापरात होता. अखेरच्या दिवसांत चाके पाण्यातून जात होती. ट्रक जाताना बर्फ किती वाकतो ते मोजणारी उपकरणे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तिथेच तयार केली. ठरावीक वेगाला गाडीमुळे बर्फाखालच्या पाण्यात उठणारी लाट गाडीबरोबरच चालते आणि बर्फ फुटतो, हे त्यातून कळले. खाली उपाशी पाच महिने तगलेले शहर आणि वर वितळता रस्ता, असा तो हिशेब होता. तिथे धोका पत्करण्याला कारण होते. आमच्याकडे ब्लूगिल होते.

पुढे कॅनडाच्या लोर्न गोल्ड यांनी लाकूड-कागद उद्योगाच्या बर्फावरच्या वाहतुकीत कुठे बर्फ टिकला आणि कुठे फुटला, याच्या नोंदी जमवून साधे सूत्र मांडले: बर्फ पेलतो ते वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट, तर ताकद चौपट. सावध गणित करायचे तर इंचातल्या जाडीचा वर्ग करून ५० ने गुणा, म्हणजे पौंडात वजन मिळते. चार इंचांना ८०० पौंड. माझ्या कल्पनेतल्या सात इंचांना २,४५० पौंड! आम्ही तिघे जाकिटे, बूट, डबे धरून पाचशेच्या आत. मला फार बरे वाटले. मी बरोबर होतो.

मग अमेरिकन लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेच्या अशाच तक्त्याखालची तळटीप वाचली. हवा सलग २४ तास किंवा जास्त काळ गोठणबिंदूच्या वर राहिली, तर बर्फाची ताकद घटू लागते आणि हा तक्ता लागू राहत नाही. तळटीप न वाचता प्रॉडक्शनमध्ये काही टाकू नये, हे मी ज्युनियर मुलांना वीस वर्षे सांगत आलो आहे.

होते काय, तर तळ्याचा बर्फ म्हणजे एकसंध लादी नसते. ते पाण्याच्या पृष्ठभागापासून खाली वाढलेले उभे स्फटिक असतात, एकमेकांना घट्ट चिकटलेले. जानेवारीत सूर्य कलता आणि वर हिमाची गोधडी, त्यामुळे ते आत सुरक्षित असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस हिम वितळते, सूर्य वर चढतो आणि ऊन थेट बर्फाच्या आत शिरते. ते आधी स्फटिकांच्या जोडांवर काम करते. जाडी तेवढीच राहते, पण जोड सुटत जातात. आपल्या खराट्याची दोरी सैल झाली की काय होते आठवा. एकही हीर मोडलेला नसतो, पण खराटा उरलेला नसतो. इंग्रजीत याला मेणबत्त्यांचा बर्फ म्हणतात. हातात घेतला तर खरोखरच उभ्या कांड्या सुटून पडतात.

यात रात्रीची थंडी फसवते. पहाटे सगळे पुन्हा गोठते आणि 'ठण्' वाजते. माणूस सकाळी आत जातो आणि दुपारी परत येतो तेव्हा बर्फ सकाळचा राहिलेला नसतो. सगळ्यात आधी काठ जातो, कारण उथळ पाण्याखालची जमीन लवकर तापते. लव्हाळे, धक्क्याचे खांब, बुडालेले ओंडके, पाण्याचा ओघ असेल तिथे तर आणखी आधी. मधला बर्फ अजून पेलत असतो आणि घरी जायची वाट मात्र तुटलेली असते. ती सहा-सात माणसे सुखरूप कशी बसली होती, याचे उत्तर मला इथे मिळाले. ती कदाचित दुसऱ्या, सावलीतल्या काठाने गेली असतील. आम्ही उभे होतो तो काठ उन्हाचा होता.

परतीच्या वाटेचे सर्वांत मोठे उदाहरण ७ फेब्रुवारी २००९ चे, लेक ईरीवरचे. ओहायोच्या किनाऱ्यावर शनिवारी शेकडो मच्छीमार आत गेले. वाटेत एक भेग होती, तिच्यावर लाकडी पॅलेट टाकून त्यांनी पूल केला. बर्फ चांगला जाड होता. पण हवा उबदार झाली, वाऱ्याने जोर धरला आणि भेग रुंदावत जाऊन अख्खा तुकडाच किनाऱ्यापासून सुटला. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टर आणि हवेच्या पंख्यावर चालणाऱ्या बोटी यांनी १३४ जणांना बाहेर काढले. एकाचा मृत्यू झाला. काउंटीचे शेरीफ लोकांच्या बेफिकिरीवर उघडपणे संतापले होते. तरी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी विस्कॉन्सिनच्या ग्रीन बेमध्ये पुन्हा ६६ जणांना तसेच आणावे लागले. भेगेवर पूल टाकावा लागतो, इथेच खरे तर उत्तर मिळालेले असते. पण सोबत शंभर माणसे असली की भेग लहान दिसते.

लहानपणी आमच्याकडे कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेआधी होड्या समुद्रात लोटत नसत. आता सरकारी बंदीही १ जून ते ३१ जुलै असते. समुद्र काही तिथी पाहून शांत होत नाही, पण त्या रीतीने अधीर पोरांना किनाऱ्यावर धरून ठेवले. इथे तशी तिथी नाही. मिनेसोटात मार्चच्या सुरुवातीला दक्षिणेकडची आणि मध्याला उत्तरेकडची खोपटी बर्फावरून हलवावी लागतात, पण तो कायदा खोपट्यांचा, माणसांचा नव्हे. आणि तिथी असती तरी आता ती चुकली असती. आपल्यापासून अडीच तासांवर मॅडिसनला लेक मेंडोटा आहे. तिथे १८५०च्या दशकापासून तळे कधी गोठले आणि कधी मोकळे झाले याच्या नोंदी आहेत. १८८०-८१ च्या हिवाळ्यात ते १६१ दिवस गोठलेले होते, २००१-०२ मध्ये अवघे २१ दिवस. जपानच्या सुवा सरोवराच्या काठी तर देवळातल्या पुजाऱ्यांनी १४४३ पासून अशी नोंद ठेवली आहे. शिवजन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीपासून! अलीकडे तिथे बर्फच न धरल्याची नोंद वर्षामागून वर्ष करावी लागते.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील सपना शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दहा देशांतल्या हिवाळ्यात बुडून झालेल्या सुमारे ४,००० मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वाधिक बळी कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर हिवाळ्याचे तापमान उणे ५ ते शून्य सेल्सिअसच्या दरम्यान असताना गेले होते. म्हणजे आपला शिकागोकडचा नेहमीचा हिवाळा. "आजोबांच्या वेळी या तारखेला इथे गाडी न्यायचो" हे वाक्य म्हणूनच आता उपयोगाचे नाही.

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेक जण मासे धरायला जाणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या घरांमागे पावसाचे पाणी साठवायची तळी आहेत. त्यांत पाइपांतून पाणी येत-जात राहते, रस्त्यावरचे मीठ उतरते, पातळी वर-खाली होते. तिथला बर्फ ऐन जानेवारीतही भरवशाचा नसतो. मार्चमध्ये मुले चेंडूमागे धावतात, भारतातून आलेले आजी-आजोबा फोटोसाठी दोन पावले पुढे जातात. २६ डिसेंबर २०२२ रोजी ॲरिझोनातल्या वुड्स कॅन्यन लेकवर सुट्टीला गेलेल्या भारतीय कुटुंबांपैकी तिघे बर्फ फुटून बुडाले. सोबत लहान मुले होती. ती आपल्यासारखीच माणसे होती. बर्फ पारखण्याची नजर आपल्या रक्तात नाही, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण ती आहे असे समजून चालू नये.

कोणी पडलेच, तर मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेश्ट यांचे १-१०-१ लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून त्यांनी हे अभ्यासले आहे. पहिले एक मिनिट धाप आवरायची, घाबरायचे नाही. त्यानंतर साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणून त्या दहा मिनिटांत, ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपल्याला पेलले होते. पाय मागे झाडून अंग आडवे करायचे, बर्फावर सरपटत चढायचे आणि उभे न राहता लोळत दूर जायचे. गळ्यात दोरीने अडकवलेल्या, खिळे असलेल्या दोन लाकडी मुठी दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. ओल्या बर्फावर नुसते हात सटकतात. मुठी रोवता येतात. काठावरच्याने आधी ९११ लावावे, दोर, काठी, जंपर केबल, जे असेल ते फेकावे, पण स्वतः मागोमाग जाऊ नये. कुत्र्यामागे तर नाहीच. हे ऐकायला कठोर वाटते. पण त्या घोड्यांच्या गळ्यातला दोर आठवा.

ग्रँडपा तीन वर्षांपूर्वी टेनेसीत मुलीकडे राहायला गेले. गॅरेज रिकामे करताना त्यांनी पहार माझ्या मुलाला दिली, गिरमिट मला. गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोघे पुन्हा सिल्व्हर लेकवर गेलो. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. तो पुढे, मी दहा पावले मागे. तिसऱ्या घावाला पाणी वर आले. समोर चार माणसे बसलेली होती. तो वळला आणि मला हाताने खूण केली. येताना इंडियन स्टोअरमधून फ्रोझन सुरमई घेतली. घरी बायकोने विचारले, "आज मिळाले का काही?" तर चिरंजीव म्हणाले, "हो, साफ करूनच मिळाली."